नामानिराळा कोण राहिला? : विश्वासघाताचे वाक्प्रचार आणि त्यांतील कर्ता

प्रश्नाचे स्वरूप

'टू थ्रो समवन अंडर द बस' हा वाक्प्रचार गेल्या चार दशकांत इंग्रजीत चांगलाच रूढ झाला आहे. स्वतःवर येऊ घातलेले संकट टाळण्यासाठी किंवा स्वतःचा लाभ साधण्यासाठी आपल्याच बाजूच्या माणसाला पुढे ढकलून त्याचा बळी देणे, असा त्याचा स्थूल अर्थ. ब्रिटिश राजकारणावरील वृत्तपत्रीय लेखनात १९८२ मध्ये त्याच्याशी मिळतीजुळती प्रतिमा आढळते. २००८ च्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात तो फार वापरला गेला आणि त्यानंतर कार्यालयीन व्यवहारापासून चित्रपटांच्या संवादांपर्यंत सर्वत्र पसरला. इंग्रजी मजकूर मराठीत आणताना अनुवादकाला तो वारंवार भेटतो आणि अनेकदा 'त्याला बसखाली ढकलले' अशा शब्दशः रूपात मराठीत उतरतो. हे रूप मराठी वाचकाला खटकते. ते का खटकते, मराठीत त्या जागी काय चालेल आणि जे चालेल ते मूळ अर्थाचा कोणता अंश सांगेल व कोणता गाळील, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार करताना दोन गोष्टी समोर येतात. पहिली अशी की, विश्वासघाताचे इंग्रजी वाक्प्रचार बहुधा कृतीचे चित्र उभे करतात, तर मराठी वाक्प्रचार बहुधा मोडलेल्या नात्याकडे बोट दाखवितात. दुसरी अधिक महत्त्वाची. विश्वासघाताचा वाक्प्रचार केवळ घटनेचे वर्णन करीत नाही. तो दोषाची वाटणीही करतो. ही वाटणी नेहमीच न्याय्य असते असे नाही. कधी कधी ज्याने लाभ घेतला तो वाक्प्रचाराच्या बाहेर सुखरूप राहतो आणि भलत्याचेच नाव पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी राहते.

या विवेचनासाठी पुण्याची मंडई आणि तिचा परिसर विशेष उपयोगी आहे. एक तर बाजारपेठेच्या बोलीत फसवणुकीचे शब्द रोजच्या वापरात घासून स्पष्ट झालेले असतात. दुसरे म्हणजे पुण्याचा भाजीबाजार शुक्रवार पेठेतील आजच्या वास्तूत येण्यापूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. विश्वासघाताविषयीचा मराठीतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार, म्हणजे 'ध' चा 'मा' करणे, ज्या वाड्यातील घटनेतून निघाला, त्याच वाड्याच्या दारात हा बाजार बसत होता.

प्रतिमेची अडचण

इंग्रजी वाक्प्रचारातील घटक सुटे करून पाहिले तर चार गोष्टी हाती लागतात. ढकलणारा आणि ढकलला जाणारा एकाच पक्षाचे, एकाच कार्यालयाचे किंवा एकाच कुटुंबाचे असतात. ढकलणाऱ्याला त्यात स्वतःचा बचाव किंवा लाभ साधायचा असतो. कृत्य बहुधा उघड, चारचौघांत घडते. आणि प्रत्यक्ष इजा ढकलणाऱ्याच्या हाताने होत नाही. ती वरून जाणाऱ्या बसने, म्हणजे वरिष्ठांनी, जनमताने किंवा कायद्याने केलेली असते. चौथा घटक या वाक्प्रचाराचे खरे वैशिष्ट्य आहे. मारणारा हात वेगळा आणि ढकलणारा हात वेगळा, त्यामुळे ढकलणाऱ्याला 'मी काही केले नाही' असे म्हणण्याची सोय राहते.

हे चित्र मराठीत शब्दशः का चालत नाही, याचे उत्तर संस्कृत काव्यशास्त्रातील लक्षणेच्या विचारात सापडते. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'त्याने मला बसखाली ढकलले' या वाक्यात पहिलीच अट पुरी होत नाही. मंडईच्या चौकात, रिक्षा, हातगाड्या आणि बस यांच्या गर्दीत हे वाक्य कोणी उच्चारले तर ऐकणारा जखम कोठे झाली ते विचारील आणि पोलीसचौकीची वाट दाखवील. वाक्याचा वाच्यार्थ पूर्णपणे संभवनीय आहे. त्याला बाध येत नाही, म्हणून श्रोता लक्ष्यार्थाकडे वळतच नाही. इंग्रजीत ही उणीव तिसऱ्या अटीने, म्हणजे रूढीने भरून काढली आहे. मराठीत ती रूढी नाही.

याउलट 'केसाने गळा कापणे' हा वाक्प्रचार घ्यावा. केसाने गळा कापला जात नाही हे लहान मुलालाही कळते. मुख्यार्थ तत्काळ बाधित होतो आणि श्रोता लक्ष्यार्थाकडे जातो. शिवाय केस हे साधन विचारपूर्वक निवडल्यासारखे आहे. केस मऊ, निरुपद्रवी आणि जवळिकीचा. तो गळ्याभोवती आला तरी कोणी सावध होत नाही. ज्याच्यापासून भय वाटावे असे काहीही नव्हते त्याच्याकडूनच घात झाला, हा विश्वासघाताचा गाभा या एका साधनात साठविला आहे.

इंग्रजीतील अन्य वाक्प्रचारांची गोष्टही 'बस'पेक्षा फार वेगळी नाही. 'नदीच्या खालच्या अंगाला विकणे' या अर्थाच्या वाक्प्रचाराचे मूळ अमेरिकेतील गुलामगिरीत आहे. उत्तरेकडील मालक गुलामांना मिसिसिपी नदीच्या खालच्या भागातील कापसाच्या मळ्यांसाठी विकीत. तेथील जिणे अधिक क्रूर असे. मार्क ट्वेनच्या १८९४ मधील 'पुडनहेड विल्सन' या कादंबरीत रॉक्सी या गुलाम स्त्रीला तिचा स्वतःचा मुलगाच अशा रीतीने विकतो. 'पाठीत खंजीर' या प्रतिमेने पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत तर एका राजकीय मिथकाचे रूप घेतले. लष्कर रणांगणावर हरले नाही, मायदेशातील लोकांनीच त्याचा घात केला, असे त्या मिथकाचे सांगणे होते. पराभवाची जबाबदारी असलेल्यांनी ती दुसऱ्यांच्या माथी मारण्यासाठी एक वाक्प्रचार कसा राबविला, याचे हे ठळक उदाहरण होय. नदी, खंजीर आणि बस या तिन्ही प्रतिमा कृती दाखवितात. घात करणारा हा घात झालेल्याचा कोण, हे त्या सांगत नाहीत.

फसवणूक आणि विश्वासघात : मंडईची साक्ष

आजच्या मंडईची वास्तू १८८६ मध्ये खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. पुणे नगरपालिकेचे १८७६ ते १८८२ या काळात सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी या बाजारावरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असा त्यांचा आग्रह होता. पुढे हीच वास्तू 'महात्मा फुले मंडई' झाली. नाव उरले आणि नावामागचा वाद बहुतेकांच्या विस्मरणात गेला. शब्द निष्कर्ष जपतात, त्यामागची तक्रार जपतातच असे नाही. वाक्प्रचारांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो.

बाजाराच्या बोलीत फसवणुकीसाठी शब्दांची रेलचेल आहे. वजनात कमी देणे म्हणजे 'काटा मारणे'. त्याला नैतिक दोष देणारा शब्दप्रयोग 'मापात पाप'. खोटे सांगून पैसे उकळणे म्हणजे 'टोपी घालणे' किंवा 'चुना लावणे'. अवाच्या सवा दर लावणे म्हणजे 'गळा कापणे'. असे दर लावणारा 'गळेकापू'. डोळ्यांदेखत निसटून जाणे म्हणजे 'हातावर तुरी देणे'. या सर्वांत एक समान सूत्र आहे. फसविणारा आणि फसणारा यांच्यात व्यवहारापलीकडचे नाते गृहीत धरलेले नाही. म्हणूनच यांतील काही शब्दप्रयोग हसत हसतही वापरले जातात आणि फसलेला माणूस स्वतःच्या भोळेपणालाही थोडा दोष देतो.

'गळा कापला' आणि 'केसाने गळा कापला' यांतील अंतर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अनोळखी विक्रेत्याने पावशेरामागे चार पैसे जास्त घेतले तर गिऱ्हाईक पहिला प्रयोग करील. वर्षानुवर्षे ज्याच्या गाळ्यावर विश्वासाने भाजी घेतली, ज्याला घरातील लग्नाची पत्रिका दिली, त्यानेच वजनात गडबड केली असे कळले तरच दुसरा प्रयोग तोंडातून बाहेर पडेल. वजनातील तूट दोन्ही ठिकाणी सारखीच असू शकते. दुसऱ्या ठिकाणी मोडते ते नाते. फसवणूक आणि विश्वासघात यांची सीमारेषा मराठीने एका 'केसा'ने आखली आहे, असे म्हणता येईल.

नात्यांची नावे

ही नात्यांची जाणीव मराठीच्या शब्दसंग्रहात सर्वत्र आढळते. संस्कृतातून आलेल्या 'द्रोह' या शब्दाच्या समासांचे पूर्वपद नेहमी ज्याचा द्रोह झाला त्याचे नाव सांगते : मित्रद्रोह, स्वामिद्रोह, राजद्रोह, देशद्रोह. फारसी-अरबीतून राज्यकारभाराच्या वाटेने आलेल्या शब्दांनीही अशीच कामे वाटून घेतली आहेत. 'निमकहराम' हा शब्द अन्नदात्याशी केलेल्या बेइमानीसाठी, 'फितूर' शत्रूला आतून जाऊन मिळालेल्यासाठी, 'गद्दार' पक्ष सोडून विरुद्ध बाजूस गेलेल्यासाठी. 'दगा' मात्र या सर्वांना पुरून उरणारा. देशी वाक्प्रचार तर थेट घरातच शिरतात. 'घरभेदी' या शब्दात घर आहे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीत गोत आहे : कुऱ्हाडीचे पाते लोखंडाचे असले तरी तिला झाड तोडण्याचे बळ झाडाच्याच लाकडाने दिलेले असते. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' यात पाहुणचार आहे. 'विहिरीत सोडून दोर कापणे' यात काम सोपविणाऱ्याने दिलेली हमी आहे. वर कोणीतरी दोर धरून उभा आहे या भरवशावरच माणूस विहिरीत उतरतो.

पेशवाईच्या पुण्याने यात आणखी एका प्रयोगाची भर घातली. 'विश्वास पानिपतात गेला' या वाक्यात नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव, जे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले, त्यांच्या नावावर श्लेष आहे. उधारी मागणाऱ्याला किंवा वचन देऊ पाहणाऱ्याला दिलेले हे उत्तर आहे. 'विश्वास ठेवा' असे कोणी म्हणताच पुणेकराने तो शब्द विशेषनाम म्हणून ऐकावा आणि त्या नावाचा माणूस आता उरला नाही असे सांगावे, ही या विनोदाची रीत. त्यातील हसू मात्र एका फार मोठ्या शोकाच्या तळाशी सापडलेले आहे, हे विसरता येत नाही.

काही वेळा व्यक्तीचे नावच सामान्यनाम बनते. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, त्या प्रसंगाशी जोडले गेलेले सूर्याजी पिसाळ हे नाव आज 'फितूर' याचा पर्याय म्हणून वापरले जाते. येथे वाक्प्रचाराची जोखीम ध्यानात येते. नाव सामान्यनाम झाले की खटला संपतो. पुरावा तपासण्याची कोणाला गरज वाटत नाही, आणि त्या आडनावाची आजची कुटुंबेही त्या शब्दाच्या छायेत राहतात.

राजकारणात म्हणूनच शब्दासाठीच झगडा चालतो. जुलै १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर खुपसला' हे त्या घटनेचे टीकाकारांनी केलेले वर्णन पुढे अनेक दशके महाराष्ट्राच्या राजकीय बोलीत टिकून राहिले. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा एका बाजूने 'गद्दारी' हा शब्द वापरला, तर दुसऱ्या बाजूने आपल्या कृतीला 'उठाव' म्हटले. घटना एकच, परंतु 'गद्दारी' म्हटले की नाते मोडणारा दोषी ठरतो आणि 'उठाव' म्हटले की नाते आधीच वरच्याने मोडले होते असे सूचित होते. कोणता शब्द रूढ होणार, यावर दोषाची वाटणी ठरते. मंडईच्या परिसरात राजकारणावर चालणाऱ्या गप्पांना पुणेकरांनी थट्टेने 'मंडई विद्यापीठ' असे नाव दिले आहे. अशा शब्दांचा पहिला कस लागतो तो अशाच कट्ट्यांवर; वृत्तपत्रांत आणि कोशांत ते नंतर येतात.

'ध' चा 'मा' : आरोप करणारा वाक्प्रचार

थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १७७२ मध्ये त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी वाड्यात शिरून नारायणरावांचा खून केला. रूढ हकीकत अशी की, रघुनाथरावांनी गारद्यांना नारायणरावास 'धरावे' असा लेखी हुकूम दिला होता आणि आनंदीबाईंनी त्यातील 'ध' चा 'मा' करून तो 'मारावे' असा केला. या हकिकतीने मराठीला दोन वाक्प्रचार दिले. 'काका, मला वाचवा' हा एक. घात करणाऱ्याचेच पाय धरून केलेली ती आर्त हाक आहे, आणि तिचे सारे बळ 'काका' या नात्याच्या शब्दात आहे. दुसरा म्हणजे 'ध' चा 'मा' करणे.

आज हा दुसरा वाक्प्रचार बहुधा 'मजकुरात लहानसा फेरफार करून अर्थाचा विपर्यास करणे' एवढ्याच अर्थाने वापरला जातो. कार्यालयातील टिप्पणी, न्यायालयातील दस्तऐवज, वर्तमानपत्राचा मथळा, कशालाही तो लागू पडतो. खून मागे पडला, खाडाखोड उरली. परंतु वाक्प्रचाराची रचना नीट पाहिली तर तीत एक निवाडा दडलेला दिसतो. यातील क्रिया 'करणे' ही आहे आणि ती अक्षर बदलणाऱ्याची आहे. मूळ 'ध' लिहिणारा या वाक्प्रचारात कर्ता म्हणून येतच नाही. गुन्हा 'मा' पासून सुरू होतो. 'ध' निर्दोष ठरतो.

वास्तविक 'धरावे' हा हुकूमही निर्दोष नव्हता. राज्यावर असलेल्या पेशव्याला, स्वतःच्या पुतण्याला, पगारी शस्त्रधाऱ्यांकरवी पकडण्याचा तो हुकूम होता. विश्वासघात 'ध' मध्येच पुरा झालेला होता. 'मा'ने त्याचा शेवट केला. व्याकरणाच्या दृष्टीनेही एक गोष्ट लक्षणीय आहे. 'नारायणरावास धरावे' किंवा 'मारावे' ही विध्यर्थातील भावे प्रयोगाची रचना आहे. तीत कर्ता उघड सांगावा लागत नाही. कोणी धरावे, कोणाच्या इच्छेने, हे वाक्याबाहेर ठेवता येते. हुकुमाच्या भाषेतच नामानिराळे राहण्याची सोय आहे.

या हकिकतीचा आधार तपासला तर दोषाची वाटणी आणखी संशयास्पद वाटते. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग येतो. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले आणि हुकुमाचा कागद पाहता शब्द बदललेला आढळला, असे तो सांगतो. बदल आनंदीबाईंनी केला, हे मात्र तो सार्वत्रिक समजुतीच्या हवाल्याने सांगतो. कागदातील बदल आणि बदल करणारी व्यक्ती यांच्यामध्ये जो दुवा आहे तो समजुतीचा आहे. त्या काळातील व्यवहाराची लिपी मोडी होती. पाठ्यपुस्तकांतून 'ध' आणि 'मा' ही देवनागरी अक्षरे दाखवून जो चमत्कार समजाविला जातो, तो मूळ कागदाला तसाच लागू करता येणार नाही.

रामशास्त्र्यांविषयीची परंपरा तर वाक्प्रचाराच्या नेमकी उलट दिशेने जाते. त्यांनी दोषी धरले ते रघुनाथरावांना. त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्यांच्या राज्यात न राहता पुणे सोडले. न्यायाधीशाने बोट ठेवले हुकूम देणाऱ्यावर; भाषेने ठेवले त्याच्या पत्नीवर. लाभ रघुनाथरावांचा झाला होता, पेशवेपदाची वस्त्रे त्यांनी घेतली होती. तरी लोकांच्या जिभेवर उरले ते आनंदीबाईंचे अक्षर. आनंदीबाई निर्दोष होत्या असे येथे सुचवावयाचे नाही; तसे ठरविण्यास जसा पुरावा हवा, तसाच त्यांना दोषी ठरविण्यासही हवा. मुद्दा एवढाच की, इंग्रजी वाक्प्रचारात बसखाली ढकलला जाणारा जो कोणी असतो, त्याची जागा 'ध' चा 'मा' या मराठी वाक्प्रचारात आनंदीबाईंना मिळाली आहे. विश्वासघाताचे वर्णन करण्यासाठी जन्मलेला वाक्प्रचार स्वतःच खापर फोडण्याचे साधन बनला.

घाशीराम : नामानिराळ्याचे नाटक

या भाषिक सोयीचा उलगडा मराठी साहित्यात सर्वांत प्रभावीपणे झाला तो पुण्यातच. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. ऐतिहासिक घाशीराम पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये संतप्त जमावाच्या हातून मारला गेला. त्याच्या नावावरून मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच ग्रंथ लिहिला होता. तेंडुलकरांनी इतिहासाचा आधार घेऊन सत्ता व्यक्तीला कशी घडविते आणि कशी टाकून देते, याची रचना उभी केली.

नाटकातील घाशीराम स्वतःची मुलगी गौरी नाना फडणविसांच्या वासनेला देतो आणि बदल्यात कोतवाली मिळवितो. येथे विश्वासघाताचा पहिला कर्ता घाशीरामच आहे आणि त्याने मोडलेले नाते बापाचे आहे. पुढे त्याचे अत्याचार असह्य होतात, ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात आणि जमाव खवळतो. त्या क्षणी नाना घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम देतात. कोतवालीचा हुकूम ज्या हाताने दिला त्याच हाताने मृत्यूचाही दिला जातो. सर्व पाप घाशीरामाच्या पदरात पडते आणि नाना उत्सवाची आज्ञा देऊन पूर्ववत मिरवितात.

इंग्रजी वाक्प्रचाराचे चारही घटक येथे एकत्र येतात : एकाच सत्तेतील दोघे, वरच्याचा स्वतःचा बचाव, चारचौघांत घडणारे कृत्य, आणि मारणारा हात जमावाचा. फरक असा की इंग्रजी प्रतिमेत ढकलला जाणारा बहुधा निरपराध समजला जातो. घाशीराम निरपराध नाही. अपराधी माणसाचाही बळी दिला जाऊ शकतो आणि त्याच्या अपराधाच्या आड मोठा अपराधी लपू शकतो, हे नाटकाचे सांगणे कोणत्याही एका वाक्प्रचारात मावत नाही. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'नामानिराळा' हा आहे. तो मेलेल्याविषयी बोलत नाही, वाचलेल्याविषयी बोलतो. विश्वासघाताच्या शब्दसंग्रहात घात झालेल्याकडे पाहणारे शब्द पुष्कळ आहेत. सुखरूप सुटलेल्याकडे पाहणारा हा शब्द म्हणून मोलाचा आहे.

अनुवादातील उपयोजन

या चर्चेनंतर मूळ प्रश्नाकडे परत येता येईल. 'थ्रो अंडर द बस' याला मराठीत एकच ठरावीक प्रतिशब्द देणे इष्ट नाही. महाराष्ट्र कोशमंडळाने पुण्यात सिद्ध केलेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'सारखे (१९३२–३८) कोश अर्थ देतात. परंतु कोणत्या नात्यात कोणता वाक्प्रचार बसतो, याचा निर्णय संदर्भ पाहूनच घ्यावा लागतो.

वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःची चूक कनिष्ठावर लोटली असेल, तर 'साहेबांनी सगळे खापर कारकुनाच्या डोक्यावर फोडले आणि आपण नामानिराळे राहिले' ही रचना मूळ अर्थाचे दोन्ही भाग सांगते : दोषाचे हस्तांतर आणि स्वतःचा बचाव. कोणाच्या शब्दावर विसंबून एखाद्याने जाहीर भूमिका घेतली आणि ऐन वेळी शब्द देणाराच मागे हटला, तर 'तोंडघशी पाडले' हा प्रयोग योग्य. काम सोपवून आधार काढून घेतला असेल तर 'विहिरीत सोडून दोर कापला'. केवळ मदतीशिवाय सोडून दिले असेल तर 'वाऱ्यावर सोडले' पुरे. त्यात दोष लादण्याचा भाव नाही. 'बळीचा बकरा केला' हा आज सर्वाधिक वापरला जाणारा पर्याय आहे आणि दोषाचे हस्तांतर तो नेमके सांगतो. परंतु बकरा आणि बळी देणारा यांच्यात सख्याचे नाते नसते, त्यामुळे विश्वासाचा भाग त्यात उणा पडतो. तो जोडायचा असेल तर 'आपल्याच माणसाला' असे शब्द घालावे लागतात. 'केसाने गळा कापला' हा प्रयोग अतिशय जवळच्या नात्यासाठी राखून ठेवावा. कार्यालयातील साध्या कुरघोडीला तो वापरला तर त्याची धार बोथट होते.

पात्राच्या तोंडी इंग्रजाळलेली भाषा दाखविणे हेच लेखकाचे प्रयोजन असेल, तर 'बसखाली ढकलले' हे शब्दही चालू शकतील. तेव्हा ते पात्राचे वैशिष्ट्य म्हणून वाचले जातात. निवेदकाच्या भाषेत मात्र ते परकेच राहतात, कारण त्यांना मराठीत अद्याप रूढीचे बळ मिळालेले नाही. रूढी बनणारच नाही असे नाही. आज रुळलेल्या 'दगा', 'फितूर', 'खंजीर' या शब्दांनीही कधीतरी दुसऱ्या भाषेतून मराठीत प्रवेश केला होता.

समारोप

विश्वासघाताचा वाक्प्रचार समजून घेणे म्हणजे त्याचा कोशगत अर्थ पाठ करणे नव्हे. तो वापरताना किंवा अनुवादिताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. कोणते नाते मोडले? मारणारा हात कोणाचा होता? आणि त्या व्यवहारातून सुखरूप कोण सुटला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठी वाक्प्रचार सहसा स्वतःच देतात. दुसऱ्याचे उत्तर इंग्रजी वाक्प्रचाराने बसच्या प्रतिमेत चांगले पकडले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक वाक्प्रचार टाळतात, आणि 'ध' चा 'मा' सारखा वाक्प्रचार तर ते बदलून टाकतो.

वर्गात हा वाक्प्रचार शिकविताना 'मा' कोणी केला ही कथा सांगितली जाते. तीबरोबर 'ध' कोणी लिहिला हेही विद्यार्थ्यांना विचारले, तर वाक्प्रचाराचा अर्थ शिकविण्याचे आणि भाषेकडे चिकित्सेने पाहण्याचे काम एकाच तासात होऊ शकेल.